सदस्य जागेवर नाहीत

अधिवेशन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सकाळी बेल वाजली की मी दार उघडायच्या आधी चहात कपभर पाणी वाढवते. रात्रभर बसमध्ये अवघडलेले भाऊजी दारात उभे असतात. एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात कागदांनी टम्म फुगलेली पिशवी, चष्मा कपाळावर. दरवेळी तेच म्हणणार, "वहिनी, आलो तुमच्या डोक्यावर बसायला." आणि मीही दरवेळी तेच, "डोक्यावर नको, मागच्या खोलीत बसा. चादर बदलून ठेवली आहे."

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. दीर खासदार आहे म्हटलं की लोक आधी आमच्या दारातली गाडी शोधतात. गाडी नाही. भाऊजी कोपऱ्यावरून बस पकडतात आणि उभ्या उभ्या कागद वाचत सभागृहात जातात. खासदार निवासात त्यांना खोली मिळालेली आहे, पण ती कायम त्यांच्या गावाहून इथल्या मोठ्या इस्पितळात आलेल्या रोग्यांच्या नातेवाइकांनी भरलेली. एकदा एक फाईल आणायला ते स्वतःच्याच खोलीवर गेले, दार ठोठावलं, तर आतून एका बाईंनी विचारलं, कोण पाहिजे? भाऊजी म्हणाले, कोणी नाही, आणि परत आले. फाईल दुसऱ्या दिवशी मी आणली.

गावात त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. राजकारणात पडले तरी हात त्या कामातून सुटला नाही. कोटाच्या आतल्या खिशात एक चपटी पत्र्याची डबी असते. तिच्यात नखाएवढा स्क्रू-ड्रायव्हर, मोहरीएवढे स्क्रू, नाकावर टेकायच्या रबरी गाद्या. सभागृहात त्यांना कोणी 'माननीय' वगैरे म्हणत नाही, 'चष्मेवाले' म्हणतात. तिथले बहुतेक लोक उतारवयाचे, त्यामुळे चष्मे पुष्कळ. लॉबीत सरकारी बाजूचा एखादा दांडगा पुढारी, ज्याने तासाभरापूर्वी ह्यांच्या पक्षाची सालं काढलेली असतात, तोच चष्म्याची निखळलेली काडी पुढे करतो. भाऊजी खिडकीपाशी उजेडात जातात, स्क्रू पिळतात, चष्मा त्याच्या नाकावर स्वतः बसवून बघतात आणि म्हणतात, आता आमच्याकडे जरा नीट बघा.

निवडून आले तेव्हापासून ते विरोधी बाकांवरच आहेत. मध्ये सरकार बदललं, पण बदललं तेव्हाही त्यांचा एवढासा पक्ष नेमका पलीकडच्या बाजूला होता. माझा नवरा पाणीपुरवठा खात्यात आहे, सरकार कुठलंही आलं तरी त्याच्या नळाला पाणी तेवढंच. तो भावाला म्हणतो, तू ज्या बाजूला बसतोस ती बाजू हरते, एकदा त्यांच्याकडे जाऊन बस, म्हणजे देशाचं भलं होईल. भाऊजी हसतात. पण अलीकडे हसून झाल्यावर ते बराच वेळ तसेच बसून राहतात, हे माझ्या लक्षात यायला लागलं होतं.

विरोधी सदस्याचं काम काय असतं, हे मी टीव्हीवर बघून शिकले नाही. आमच्या जेवणाच्या टेबलावर शिकले. टीव्हीवर दिसतात ते हातवारे. टेबलावर दिसतं ते वाचन. सरकारचं प्रत्येक विधेयक भाऊजी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, धान्य निवडावं तसं. मी एकदा विचारलं, नाहीच म्हणायचं आहे तर एवढं वाचता कशाला? ते म्हणाले, न वाचता नाही म्हणणारे सरकारला फार आवडतात. त्यांना उत्तर द्यावं लागत नाही.

वेळेचं गणितही मला पाठ झालं होतं. कुठल्याही मोठ्या चर्चेत प्रत्येक पक्षाला त्याच्या संख्येप्रमाणे वेळ वाटून मिळतो. ह्यांच्या आघाडीला मिळालेल्या वेळातला मोठा घास नेत्यांचा. मग उपनेते, मग मोठ्या शहरांतले, मग ज्यांना बोलू दिलं नाही तर रुसून बसतील असे. तळाशी जे खरवडून उरेल ते चष्मेवाल्यांचं. तोवर बाकं रिकामी झालेली, वार्ताहर चहाला गेलेले, आणि अध्यक्षांचा हात घंटीवर. म्हणून भाऊजींनी घरी एक पद्धत काढली होती. मी गॅसवर दूध ठेवायचं आणि त्यांनी ओट्याशी उभं राहून भाषण सुरू करायचं. दूध वर यायच्या आत भाषण संपलं पाहिजे. संपलं नाही तर दोन वाक्यं काढायची आणि उद्या पुन्हा. कितीतरी राष्ट्रीय प्रश्न माझ्या ओट्यावर असे आटून आटून घट्ट झाले. कधी कधी ते रंगात येत, मीही ऐकत राही आणि दूध दोघांच्या नाकासमोर उतू जाई. मग ते फडकं घेऊन म्हणत, बघा, लांबलं की असं होतं.

विषय कुठलाही असो, अर्थसंकल्प असो, आरोग्य असो, सीमेवरचा तणाव असो, भाऊजींचं भाषण शेवटच्या वाक्यात एकाच ठिकाणी येऊन पोचायचं. घरातल्या आजारी माणसाची देखभाल करण्यात ज्यांची वर्षं गेली, ती त्यांची कामाची वर्षं धरा. सगळ्या बाजूंचे लोक त्यावर हसायचे. आता चष्मेवाले सीमेवरून घरात शिरणार, असं कोणीतरी आधीच ओरडायचं, आणि भाऊजी खरोखरच शिरायचे.

त्या घरात अक्का होती.

अक्का ह्या तिन्ही भावंडांतली थोरली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिथे जुन्या लोकांना तिचा आवाज अजून आठवतो म्हणे. माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, अर्धं अंग लुळं पडलं तेव्हा ती थोडे दिवस म्हणून रजा घेऊन घरी बसली. माझा नवरा इकडे राजधानीत नोकरीला लागलेला, भाऊजींनी नुकतं दुकान टाकलेलं. सासरे बरीच वर्षं अंथरुणावर होते. ते गेले आणि सासूबाईंना विसरण्याचा आजार जडला, त्या लेकीलाच 'बाई, तुम्ही कुठल्या?' असं विचारायला लागल्या. त्याही गेल्या तेव्हा अक्काचे केस पांढरे झाले होते आणि एक्स्चेंजच्या जागी कपड्यांचं दुकान आलं होतं. अक्का अजून म्हणते, मी राजीनामा दिलेलाच नाही, माझी रजा चालू आहे.

पेन्शनची चौकशी करायला ती गेली होती तेव्हा सोबत भाऊजी होते. खिडकीतल्या माणसाने विचारलं, मधल्या काळात काय करत होतात? अक्का म्हणाली, वडिलांना कुशीवर वळवत होते. तो म्हणाला, म्हणजे काही नाही. उर्मटपणे नाही म्हणाला, अक्का सांगते, बिचाऱ्याच्या मशीनमध्ये दोनच उत्तरं होती. अक्का हसतच घरी आली. भाऊजी मात्र त्या दिवसापासून हसले नाहीत, निदान त्या विषयावर. मी घरी होते म्हणून तू गावभर फिरू शकलास, असं अक्का कधी बोलली नाही. ती बोलली नाही, म्हणूनच बहुधा भाऊजींना ते सतत ऐकू येत असावं.

तर त्या वर्षी सरकारने पेन्शनचं मोठं विधेयक आणलं. देशभर त्यावर रण माजलं होतं, पण ते निवृत्तीचं वय, कंपन्यांचा वाटा, अशा मोठ्या गोष्टींवर. भाऊजींनी एका कलमाला एका वाक्याची दुरुस्ती सुचवली. तेच वाक्य, इतकी वर्षं दुधाशी शर्यत लावून घोटलेलं. अशा दुरुस्त्या रोज पडतात, त्यात विशेष काही नाही. पण एका संध्याकाळी भाऊजी घरी आले ते बूट न काढताच स्वयंपाकघरात आले. पेन्शन खात्याच्या मंत्र्यांनी त्यांना लॉबीत चष्मा दाखवायला बोलावलं होतं. नाकावरची गादी बदलून झाल्यावर मंत्री म्हणाले होते, माझ्या आईला माझ्या बहिणीने सांभाळलं. तुमचं ते वाक्य तुम्ही मांडा तर खरं, मी उठून मान्य म्हणेन.

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मान्य म्हणणार आहे. मला त्यानंतर काय करायचं असतं तेही माहीत नाही. आभार मानायचे असतात का?"

मी म्हटलं, आधी बूट काढा.

नियम साधा होता आणि तो त्यांनी मला दहादा समजावला होता. कलमं एकेक करून पुकारली जातात. आपल्या दुरुस्तीचं कलम आलं की ज्याने ती दिली त्याने स्वतःच्या जागेवर उभं राहून 'मी मांडतो' म्हणायचं. दुसऱ्या कोणाला ती मांडता येत नाही. तो जागेवर नसला, तर ती मांडलीच गेली नाही असं धरतात.

अक्काला गावाहून बोलावून घ्यायचं मी ठरवलं. ती नाहीच म्हणत होती. मला बघून काय तिथे मतं वाढणार आहेत का, म्हणे. पण बसमधून उतरली तेव्हा अंगावर ठेवणीतला कोट होता. भाऊजींनी प्रेक्षक गॅलरीचे दोन पास काढले.

सभागृहात जायचं म्हणजे आधी पर्स जमा करायची, फोन जमा करायचा, मग एका अरुंद जिन्याने वर. गॅलरीत लाकडी बाकं, खालच्यासारखी गादीची नव्हेत. एक गणवेशातला रक्षक आम्हाला नियम सांगून गेला. बोलायचं नाही, उभं राहायचं नाही, कठड्यावर हात ठेवायचे नाहीत, खुणा करायच्या नाहीत. अक्का म्हणाली, थिएटरपेक्षा इस्पितळच वाटतंय हे. रक्षकाने तिच्याकडे पाहिलं. खाली अगदी मागच्या रांगेत, खांबाला लागून भाऊजी बसलेले दिसले. त्यांनी वर पाहिलं, पण हात हलवला नाही, नुसता चष्मा कपाळावर नेला आणि परत नाकावर आणला. अक्का पुटपुटली, आपण दिसलो म्हणतोय.

वेळापत्रक असं होतं की दुपारच्या सुट्टीपर्यंत उरलेली भाषणं, आणि सुट्टीनंतर कलमं. भाऊजींचं वाक्य सुट्टीनंतर. आम्ही निवांत होतो. पण भाषणं संपत आली असताना सरकारी बाजूच्या एका बड्या मंत्र्याने विरोधी नेत्यांच्या आजारी बायकोवरून काहीतरी खवचट वाक्य टाकलं. काय बोलला ते आम्हाला वर नीट ऐकूही आलं नाही, कारण ते पूर्ण व्हायच्या आतच खाली स्फोट झाला. विरोधी बाकांवरचे सगळे उभे. माफी मागा, माफी मागा. निम्मे लोक मधल्या मोकळ्या जागेत उतरले. अध्यक्ष घंटी वाजवत राहिले, शाळेतल्या शिपायाने वाजवावी तशी. मंत्री माफी मागेना. मग विरोधी नेते कागद गोळा करून दाराकडे वळले आणि त्यांच्यामागे सगळी बाजू.

सभात्याग रोजचाच झाला होता त्या काळात. बाहेर जायचं, पायऱ्यांवर उभं राहायचं, नेत्यांनी कॅमेऱ्यांपुढे निवेदन वाचायचं, चहा घ्यायचा आणि परत यायचं. त्याचीही एक ठरलेली चाल होती. भाऊजी उठले. त्यांनी एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, एकदा समोर पेन्शनच्या मंत्र्यांकडे, आणि मग रांगेतून बाहेर पडले. पक्षाचा आदेश होता आणि ते वाक्यही, नंतर कळलं, खरोखर नीच होतं. ते गेले हे मला चुकीचं वाटलं नाही. सुट्टी व्हायला आलीच होती.

पण अध्यक्षांनी सुट्टी दिली नाही. समोर अर्धं सभागृह मोकळं, एकाएकी शांत. त्यांनी घड्याळ बघितलं, शेजारच्या अधिकाऱ्याशी काहीतरी बोलले आणि म्हणाले, सभागृहाची संमती असेल तर सुट्टी न घेता आपण कलमं घेऊ. सभागृह म्हणजे तेव्हा एकच बाजू. संमती होती.

मग जे सुरू झालं ते मी कधी विसरणार नाही. कलम दोन ते सहा, दुरुस्त्या नाहीत, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं. होय. होयचं बहुमत. कलम सात, दुरुस्ती देणारे सदस्य जागेवर नाहीत. होय. होयचं बहुमत. एकाच सुरात, वाण्याने घाईगर्दीत पुड्या बांधाव्यात तसं. एकेक कलम म्हणजे एका श्वासाचं काम.

अक्काने माझं मनगट धरलं. "तू जा. खाली जा आणि त्याला बोलाव."

मी उठले. रक्षक लगेच आला. वाईट नव्हता तो, माझ्या वयाचाच असेल. हळू आवाजात म्हणाला, बाई, ह्या पासावर लॉबीत जाता येत नाही, आणि बाहेर गेलात तर परत आत येता येणार नाही. मी म्हटलं, एका सदस्यांना निरोप द्यायचा आहे. तो म्हणाला, निरोप चिठ्ठीने जातो, आणि चिठ्ठ्या सुट्टीत गोळा करतात.

आणि तेवढ्यात ते कलम आलं. अध्यक्षांनी भाऊजींचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट. आमच्या घरात ते नाव लग्नपत्रिकेशिवाय कुठे वापरलेलं नाही. त्या प्रचंड छताखाली ते नाव फिरलं आणि मागच्या रांगेतल्या रिकाम्या जागेवर जाऊन बसलं. पेन्शन खात्याचे मंत्री अर्धवट उठले होते. त्यांनी त्या जागेकडे पाहिलं, मग दाराकडे. अध्यक्षही क्षणभर थांबले, तेवढं म्हटलं पाहिजे.

अक्का उभी राहिली. तिने दोन्ही हात कठड्यावर ठेवले होते. एकेकाळी हजारो लोकांचे फोन जोडून दिलेली बाई ती. तिचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. तिच्या त्या आवाजाने एक शब्द जरी उच्चारला असता तरी सगळं सभागृह वर बघायला लागलं असतं. रक्षक म्हणाला, बसा, आई. खरंच 'आई' म्हणाला. अक्काने तोंड मिटलं आणि ती बसली.

"सदस्य जागेवर नाहीत. दुरुस्ती मांडली गेली नाही. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं."

होय, असं सगळे म्हणाले. मंत्री खाली बसले, चष्मा काढून पुसायला लागले. तो भाऊजींनीच नीट केलेला होता.

विरोधी बाजू परत आली तेव्हा विधेयक संमत होऊन मासेमारी बंदरांचा विषय लागला होता. भाऊजी घाईघाईने आले, थोडे धापा टाकत, आणि आपल्या जागेवर बसले. त्यांना वाटलं असणार सुट्टी होऊन गेली आणि आता कलमं यायची आहेत. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, बाकावर उलगडला, हाताने सपाट केला. पाण्याचा घोट घेतला. कोटाचं बटण लावलं. उठायचं म्हणून पाय जरा मागे ओढून घेतले. आम्हाला वरून सगळं दिसत होतं आणि खूण करायची नव्हती. अक्का म्हणाली, "बघू नकोस तू." पण ती स्वतः बघत होती.

हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. आधी ते नुसते ऐकत राहिले, मासे, जेट्टी, बर्फ. मग त्यांनी शेजाऱ्याला काही विचारलं. शेजारी खांदे उडवून मोकळा झाला. मग ते उठून मधल्या टेबलाशी बसलेल्या अधिकाऱ्याकडे गेले, वाकून बोलले, आणि तिथून परत यायला त्यांना जायच्या दुप्पट वेळ लागला. बसल्यावर त्यांनी कागदाची घडी पुन्हा घातली. वर मात्र पाहिलं नाही.

खाली उपाहारगृहात ते आम्हाला भेटले. सॅंडविचच्या तीन ताटल्या मागवल्या आणि कोणीच हात लावला नाही. ते इतकं सरळ सांगत गेले की मला त्यांचा राग येईना आणि तेच जड वाटत होतं. पायऱ्यांवर रेटारेटी झाली, त्यात नेत्यांच्या चष्म्याची काडी निखळली. कॅमेरे लागलेले, हातात निवेदन, आणि चष्म्याशिवाय नेत्यांना अक्षर दिसत नाही. कोणीतरी ओरडलं, चष्मेवाले कुठे आहेत? भाऊजी तेव्हा परत आत वळले होते. दारापर्यंत पोचलेही होते. हाक ऐकली आणि हात खिशाकडे गेला. स्क्रू हातातून निसटून पायरीवर पडला, तो शोधण्यात वेळ गेला. सुट्टी होणारच आहे, असं मनात होतं.

"कोणीही वाचून दाखवू शकलं असतं निवेदन," ते म्हणाले. "मीच वाचलं असतं तरी चाललं असतं. हे मला आत्ता सुचतंय."

अक्काने ताटलीतला चमचा सरळ केला. मग तिने विचारलं, "चष्मा तरी नीट बसला का त्यांचा?"

भाऊजींनी मान हलवली. बसला होता.

"मग झालं तर."

तिने टोमणा मारला की समजूत घातली, हे मला तेव्हा कळलं नाही. भाऊजींनाही कळलं नसावं. त्यांनी सॅंडविच उचललं आणि तसंच परत ठेवलं.

संध्याकाळच्या बातम्यांत ते दिसले. नेते ताठ मानेने निवेदन वाचत होते, आणि त्यांच्या कोपरामागे, चौकटीच्या अगदी कडेला, पत्र्याची डबी खिशात ठेवणारा एक वाकलेला माणूस. माझा नवरा काही विनोद करणार होता, मी त्याच्याकडे बघितलं, तो गप्प बसला. भाऊजींनी टीव्ही बंद केला. ते म्हणाले, पुढच्या अधिवेशनात खासगी विधेयक म्हणून देतो तेच वाक्य. खासगी विधेयकं चिठ्ठ्या टाकून निवडतात, शेकड्यात एखादं पुढे जातं. ते मंत्री तोवर त्या खात्यात असतील की नाही कोण जाणे. अक्का म्हणाली, दे. पण माझ्यासाठी म्हणून देऊ नकोस. मला आता त्यातलं किती मिळणार आहे. ज्यांची रजा आत्ता कुठे सुरू झाली आहे, त्यांच्यासाठी दे.

 तिच्यासाठी म्हणून द्यायचं नाही, हे भाऊजींना कठीण जात होतं. अक्कासाठी हरण्याची त्यांना सवय झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले तेव्हा दारात थांबून कोट चाचपू लागले. आधी आतला खिसा, मग बाहेरचे. अक्का खुर्चीवर पेपर वाचत बसली होती. पेपरावरून डोळे न काढता म्हणाली, डबी माझ्याकडे आहे. भाऊजींनी हात पुढे केला. अक्काने पान उलटलं. एखाद्या शाळकरी मुलासारखे ते क्षणभर उभे राहिले, मग मला म्हणाले, "वहिनी, येतो," आणि गेले.

त्या दिवशी आम्ही दोघींनी कामकाज टीव्हीवर पाहिलं. माफीचं प्रकरण धुमसतच होतं, त्यामुळे मासेमारी बंदरांच्या मध्येच पुन्हा सभात्याग. बाकं रिकामी झाली. भाऊजीही गेले, जावंच लागतं. पण कॅमेरा परत त्या बाजूला फिरला तेव्हा मागच्या रांगेत खांबाशी एक माणूस बसलेला होता. बहुधा एका दाराने बाहेर पडून दुसऱ्याने लगेच आत आले असावेत. लहान होड्यांना बर्फ ठेवायला जागा मिळावी अशी त्यांची एक दुरुस्ती होती. त्यांचं नाव पुकारलं गेलं, ते उठले, मांडतो म्हणाले, दोन-तीन वाक्यं बोलले. मी सवयीने गॅसकडे पाहिलं, दूध ठेवलेलंच नव्हतं. मग मत घेतलं. ह्या बाजूने एकच 'होय' आलं. समोरून 'नाही' आलं ते भिंत कोसळल्यासारखं.

"पडली," मी म्हटलं.

"पडली," अक्का म्हणाली. "पण पाडावी लागली त्यांना."

नंतर पायऱ्यांवरचं दाखवत होते. नेते निवेदनाचा कागद लांब धरून वाचायचा प्रयत्न करत होते, मध्येच डावीकडे-उजवीकडे बघत होते. शेवटी कोणीतरी दुसऱ्यानेच वाचून दाखवलं. जगबुडी झाली नाही. भाऊजींना मात्र संध्याकाळी पक्षकार्यालयात बोलावून बरंच सुनावलं म्हणे, सगळे बाहेर असताना तुम्ही आत काय करत होतात. काय सांगितलंत, असं मी विचारलं. थकून गेले होते. म्हणाले, खरं तेच सांगितलं, की मी जागेवर होतो.

अक्का आठवडाअखेरीला गावी परतली. बसस्टॅंडवर भाऊजीही आले होते, तिथूनच सभागृहात जायचं म्हणून कोट घालून. बस लागली. अक्काने खिडकीशी जागा धरली, स्वतःच्या कोटाच्या खिशातून डबी काढली, आत सगळं जागेवर आहे ना ते बघितलं आणि झाकण लावून आपल्याच पर्समध्ये टाकली.

"ही मी घेऊन जाते," ती खिडकीतून म्हणाली. "दुकान तिकडे आहे."

भाऊजी हसले. खूप दिवसांनी, आणि दमून. बस वळून दिसेनाशी झाल्यावर त्यांनी सवयीने आतल्या खिशावर हात ठेवला. तिथे आता फक्त तो घडी घातलेला कागद होता. मग त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, आणि आम्ही त्यांच्या बसच्या रांगेत जाऊन उभे राहिलो.